नवोदित नट आणि त्याची बोली

महाविद्यालये उघडून महिना-दीड महिना झाला की एकांकिका स्पर्धांचे वारे वाहू लागतात. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकापासून विद्यापीठांच्या युवक महोत्सवांपर्यंत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहानमोठ्या करंडकांपर्यंत अशा स्पर्धांची एक साखळीच महाराष्ट्रात तयार झाली आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (१९५९), पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७), मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स (२००३) अशा संस्थांमध्ये अभिनयाचे पद्धतशीर शिक्षण मिळते हे खरे. परंतु तिथपर्यंत पोहोचणारे थोडे. बहुसंख्य मुलामुलींच्या बाबतीत अभिनयाची सुरुवात होते ती महाविद्यालयाच्या एखाद्या रिकाम्या वर्गात, बाके भिंतीला लावून मोकळ्या केलेल्या जागेत, वयाने फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या दिग्दर्शकासमोर.

या पहिल्यावहिल्या तालमीत नवख्या नटाला सर्वांत आधी काय सांगितले जाते? उभे कसे राहावे, चालावे कसे, समोरच्याचे कसे ऐकावे यांपैकी काही सांगितले जात असेल अशी आपली समजूत असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या अध्यापनात मला जे दिसले ते वेगळे आहे. शहराबाहेरून आलेल्या, बोलीभाषक घरातल्या मुलाला अगर मुलीला सर्वांत आधी सांगितले जाते ते हे की, 'तुझी भाषा सुधार.' संहिता हातात पडण्यापूर्वीच हा शेरा पडतो. पुष्कळदा त्यात दुष्टावा नसतो, उलट हितबुद्धीच असते. तरीही अभिनयाची सुरुवात या वाक्याने होणे चूक आहे, असे माझे मत आहे. हे मत सामाजिक न्यायाच्या भूमिकेतूनही मांडता येईल, आणि ते मांडलेही गेले आहे. पण मला ते इथे अभिनयकलेच्या बाजूने मांडायचे आहे. बोली काढून घेऊन अभिनय शिकवायला लागणे हे त्या मुलावर अन्याय करणारे आहेच. त्याहीपेक्षा ते अभिनय बिघडवणारे आहे.

नवख्या नटाकडे पहिल्या दिवशी असते काय? त्याला रंगमंचाची सवय नसते. प्रकाशात उभे राहिल्यावर हातांचे काय करायचे हे त्याला कळत नसते. भूमिकेचा अभ्यास कसा करतात हे त्याने कधी पाहिलेले नसते. त्याच्याजवळ पूर्णपणे तयार असलेली अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याची बोलण्याची रीत. भांडताना आवाज कुठे चढतो, लाजताना वाक्य कुठे तुटते, खोटे बोलताना कोणता शब्द पुन्हा येतो, आईशी बोलताना क्रियापद कसे मऊ होते, हे सारे त्याला कुणी शिकवलेले नसते आणि तरी ते त्याला अचूक येत असते. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी आंगिक कमवावे लागते, आहार्य म्हणजे रंगभूषा-वेशभूषा बाहेरून मिळते, सात्त्विक फार उशिरा आणि फार थोड्यांना साधते. वाचिकाचे मात्र काही भांडवल प्रत्येक माणूस घरूनच घेऊन येतो. आणि नेमके तेच दाराबाहेर ठेवून ये, असे आपण त्याला सांगत असतो.

याचा परिणाम कसा होतो याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या तालमी मी नियमित पाहत होतो. दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी त्यात होता. वर्गात उत्तरे द्यायला फारसा उत्सुक नसे, पण मित्रांत बसला की अख्खे गाव उभे करी. एकांकिकेत त्याला बापाची भूमिका होती आणि एका वाक्यात 'पाणी' हा शब्द होता. तो 'पानी' म्हणे. दिग्दर्शक त्याला थांबवी. पुन्हा 'पानी', पुन्हा थांबणे. आठवडाभरात त्याला 'पाणी' म्हणता येऊ लागले. पण तोवर त्या प्रवेशातला बाप नाहीसा झाला होता. समोरच्या मुलीचे वाक्य संपण्याआधीच त्याच्या चेहऱ्यावर पुढे येणाऱ्या 'ण'ची काळजी दिसू लागे. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिचे ऐकत नव्हता. स्वतःच्या जिभेवर पहारा करीत होता. प्रयोग झाला, उच्चार निर्दोष आले, आणि परीक्षकांनी 'पित्याच्या भूमिकेत सहजता नव्हती' असा शेरा दिला. शेरा अगदी बरोबर होता. सहजता नव्हती, कारण ती पद्धतशीरपणे काढून टाकण्यात आली होती.

यात जे घडले त्याला अभिनयविचारात नाव आहे. स्तानिस्लावस्कीचे १९३६ साली इंग्रजीत आलेले आणि के. नारायण काळे यांनी 'अभिनय-साधना' या नावाने मराठीत आणलेले पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल, की त्यात नटाच्या अवधानाचा स्वतंत्र विचार आहे. नवख्या नटाचे अवधान प्रेक्षागृहाच्या काळोखात ओढले जाते, स्वतःकडे ओढले जाते. ते तिथून सोडवून रंगमंचावरच्या एखाद्या वस्तूकडे, एखाद्या माणसाकडे, त्या प्रवेशाच्या दिलेल्या परिस्थितीकडे नेणे हे शिक्षणातले पहिले काम. उच्चारदुरुस्तीने होते याच्या नेमके उलटे. आधीच स्वतःविषयी अवघडलेल्या मुलाचे सगळे लक्ष आपण त्याच्या तोंडाकडे वळवतो. स्वतःला ऐकणारा नट समोरच्याला ऐकू शकत नाही, आणि समोरच्याला न ऐकणाऱ्या नटाची वाक्ये पाठांतराच्या स्पर्धेतल्यासारखी एकामागून एक येतात.

इथे एका घोटाळ्याचा निरास केला पाहिजे. 'भाषा सुधार' या वाक्यात दोन वेगळ्या अपेक्षा एकत्र बांधलेल्या असतात. एक अपेक्षा स्पष्टतेची आणि दुसरी शुद्धतेची. स्पष्टता ही रंगभूमीची खरी गरज आहे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, त्याला वाक्य ऐकू गेले पाहिजे. त्यासाठी श्वास पुरला पाहिजे, व्यंजने सुटी पडली पाहिजेत आणि विशेष म्हणजे वाक्याचा शेवट टिकला पाहिजे. मराठीत हा शेवट फार मोलाचा असतो. आपले क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर येतो. 'मी त्याला मारलं नाही' या वाक्यात नट 'मारलं'पाशी दमला आणि 'नाही' घशात राहिले, तर प्रेक्षकाच्या दृष्टीने खून झालेला असतो. नवख्या नटांचा वाक्याअखेर आवाज पडतो, हा दोष पुण्याच्या पेठेतल्या मुलात जितका असतो तितकाच परभणीच्या मुलात असतो. त्याचा बोलीशी काडीचाही संबंध नाही. परंतु पेठेतल्या मुलाला 'आवाज पडतोय' असे सांगितले जाते आणि परभणीच्या मुलाला 'भाषा नीट नाही' असे. पहिल्याला दुरुस्त करता येण्याजोगी एक गोष्ट कळते, दुसऱ्याला आपण स्वतःच नीट नाही एवढेच कळते.

शुद्धतेची गोष्ट निराळी. शुद्ध म्हणून जो उच्चार आपण समोर ठेवतो, तो तरी कितपत शुद्ध असतो? 'श' आणि 'ष' यांतला भेद बोलताना बहुतेक सुशिक्षित मराठी माणसांनी केव्हाच सोडून दिला आहे. 'ऋ'चा आपण 'रु' करतो, 'ज्ञ'चा 'द्न्य' करतो आणि त्याबद्दल कुणी कुणाला तालमीत थांबवत नाही. संस्कृत उच्चारांपासूनची ही ढळ्ये प्रमाणभाषेने पोटात घातली, म्हणून ती ढळल्यासारखी वाटत नाहीत. 'ण'च्या जागी 'न' येणे हे मात्र महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात रुळलेले असूनही अडाणीपणाचे चिन्ह ठरते. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही मराठीचे अध्यापक हे सारे नीट शिकवतो. प्रमाणभाषा हीही एक बोलीच, असे फळ्यावर लिहून देतो. संध्याकाळी त्याच इमारतीत तालीम सुरू झाली की सकाळच्या तासाचा तिथे मागमूस राहत नाही.

रंगभूमीवरची ही भाषिक उतरंड आजची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. संस्कृत नाटकात एकाच रंगमंचावर अनेक भाषा नांदत. राजा संस्कृत बोले, नायिका बहुधा शौरसेनी बोले, आणि पात्रांच्या दर्जानुसार मागधी वगैरे इतर प्राकृत भाषा येत. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' तर या बहुभाषिकतेसाठी प्रसिद्धच आहे. त्यातल्या शकाराची वेडीवाकडी भाषा हा त्याच्या व्यक्तिरेखेचाच भाग आहे. या व्यवस्थेत उच्चनीचता होती यात शंका नाही. परंतु अभिनयाच्या दृष्टीने तिची एक मागणी होती, आणि ती अशी की नटमंडळीला अनेक भाषा आल्या पाहिजेत. आपल्या आधुनिक रंगभूमीने पुष्कळ काळ ती उच्चनीचता ठेवली आणि बहुभाषिकतेची मागणी मात्र सैल केली. दिवाणखान्यातली माणसे प्रमाण मराठी बोलणार. गडी, मोलकरीण, गावाकडून आलेला दूरचा नातेवाईक एवढ्यांपुरती बोली, तीही हशा मिळवण्यापुरती. म्हणून बोली बोलणाऱ्या नवख्या मुलापुढे दोनच वाटा उरतात. भाषा सोडून नायक हो, किंवा भाषा ठेवून गडी हो.

या दोन वाटांबाहेरची उदाहरणे मराठीत झाली आहेत, आणि ती किरकोळ नाहीत. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर हक्काची जागा मिळवून दिली. या नाटकाचा विषय आपल्या प्रस्तुत चर्चेला अगदी जवळचा आहे. कोकणातल्या एका गावातली माणसे महाभारतावरचे नाटक बसवायला निघतात. पौराणिक नाटकाची भारदस्त भाषा आणि त्या गावकऱ्यांची जिवंत मालवणी यांची जी झटापट होते, तीतून हास्य निर्माण होते. वरवर पाहता आपण त्या हौशी नटांना हसतो. थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते की ज्या क्षणी ते भारदस्त भाषा बोलू पाहतात त्या क्षणी ते अवघडतात, आणि मालवणीत परतले की त्यांच्यात प्राण येतो. नवख्या नटाचे दुखणे याहून अचूक कुणी रंगवले असेल असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे. तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या. एका देहात बावन्न माणसे मावतात ती कशाच्या बळावर? मोठ्या प्रमाणात आवाजाच्या आणि बोलण्याच्या ढंगाच्या बळावर. मराठवाड्यातल्या गावात माणसामाणसागणिक बोलणे कसे बदलते याची इतकी बारीक जाण ज्या नटाला आहे, त्याला सुरुवातीलाच कुणी एकसारखे बोलायला लावले असते तर हा प्रयोग संभवला नसता.

या दोन्ही उदाहरणांवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दोन्हींचा मुख्य रस हास्य हाच आहे. बोली हसवायला चांगली, गंभीर नाटकाला प्रमाणभाषाच हवी, हा समज त्यांनी मोडला असे म्हणता येत नाही. त्यासाठी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'कडे (१९८५) वळावे लागते. विदर्भातल्या एका ढासळत्या वाड्यातले हे कुटुंब वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलते आणि त्या भाषेत ते शोक करते, हिशेब मांडते, एकमेकांना दुखावते. मुंबईहून आलेला सुधीर आणि वाड्यात राहिलेली माणसे यांच्यातले अंतर भाषेतूनही जाणवत राहते. इथे बोलीला हसायची सोयच ठेवलेली नाही. 'करून राहिला', 'जाऊन राहिलो' ही वैदर्भीय क्रियारूपे पाहा. क्रिया अजून चालू आहे, रेंगाळते आहे, संपत नाही, हा भाव त्या रूपातच बसलेला आहे. ज्याच्या घरात ही रूपे बोलली जातात त्या नटाला अशा वाक्याची गती कुणी समजावून द्यावी लागत नाही. प्रमाणभाषक नटाला ती कष्टाने शोधावी लागते. म्हणजे इथे उणीव कोणाची, हा प्रश्न उलटा होतो.

अलीकडच्या काळात 'सैराट'ने (२०१६) हीच गोष्ट चित्रपटात दाखवली. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर या दोघांचाही तो पहिला चित्रपट. दोघांपैकी कुणाच्याही बोलण्यावर शहरी इस्त्री फिरवलेली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या मुलीने आपल्याच बोलीतला अधिकार, उर्मटपणा आणि जिव्हाळा घेऊन आर्ची उभी केली आणि तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. पहिल्याच भूमिकेत एवढा आत्मविश्वास आला कुठून, असे तेव्हा अनेकांनी विचारले. दिग्दर्शकाची जाण, पटकथेचे बळ ही कारणे आहेतच. पण ज्या भाषेत आपल्याला कधी संकोच वाटलेला नाही त्या भाषेत तिला बोलू दिले गेले, हे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

आता या भूमिकेवरचे आक्षेप तपासू. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. दिग्दर्शक म्हणेल, की संहितेतला बाप पुण्यातला निवृत्त कारकून आहे, तो 'पानी' कसे म्हणेल? बरोबर आहे. भूमिकेची मागणी असेल तर उच्चार बदललाच पाहिजे. पण मग ती भूमिकेची मागणी म्हणून सांगावी. 'हा माणूस असे बोलतो, तुला त्याच्यासारखे बोलायचे आहे' असे सांगणे आणि 'तू चुकीचे बोलतोस' असे सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात उच्चार हा अभिनयाचा भाग होतो. चष्म्यासारखा, चालण्यासारखा तो भूमिकेसाठी धारण करायचा असतो. दुसऱ्यात तो चारित्र्याचा दाखला होतो. शिवाय पहिली सूचना सर्वांना सारखी लागू पडते. कोल्हापूरकडच्या एका स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुणेरी मुलीलाही, तिकडे पुष्कळ स्त्रिया 'मी आलो, मी जातो' असे बोलतात ते आत्मसात करावे लागेल, आणि तेही तितकेच कठीण असते याचा तिला अनुभव येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बहुधा त्या मुलांकडूनच येतो. 'सर, आम्हांला प्रमाण मराठी नीट बोलायचेच आहे. मुलाखतीत, नोकरीत, शहरात तीच लागते. तुम्हांला ती येते म्हणून तुम्ही बोलीचे कौतुक करता.' या बोलण्यात तथ्य आहे. खेड्यातल्या मुलाला त्याच्या बोलीतच राखून ठेवायचे आणि आपण त्याच्या अस्सलपणाची वाखाणणी करायची, ही सुशिक्षितांची चैन आहे. माझे म्हणणे तसे नाही. नटाला प्रमाणभाषा यायलाच हवी. तिच्याशिवाय मराठी नाट्यवाङ्मयाचा फार मोठा भाग त्याला बंद राहील. प्रश्न क्रमाचा आहे आणि भावाचा आहे. पहिली भाषा शाबूत ठेवून दुसरी शिकणारा दोन भाषांचा धनी होतो. पहिलीची लाज बाळगून दुसरी शिकणारा दोन्हींत चाचपडतो. भाषाशिक्षणात हे आपल्याला मान्य आहे, मग नाट्यशिक्षणात का नसावे?

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, धोक्याची सूचना आहे. 'रात्रीस खेळ चाले', 'तुझ्यात जीव रंगला' यांसारख्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या मालिकांच्या यशानंतर दूरचित्रवाणीवर बोलींना मागणी आली. वरकरणी ही स्वागतार्ह घटना. पण मागणी आली की माल तयार होतो. ज्या बोलीशी नटाचा कधी संबंध आला नाही ती दोन-चार हेल, एखादे 'गा', एखादे 'बे' यांवर उभी केली जाते. इथे बोली वाचिकातून निघून आहार्यात जमा होते; धोतर-फेट्याबरोबर ती कपडेपटातून मिळते. आणि खऱ्या बोलीभाषक मुलाला चाचणीच्या वेळी सांगितले जाते, 'जरा आणखी गावठी बोल.' महाविद्यालयात ज्याला 'कमी कर' म्हणून सांगितले, त्यालाच इथे 'वाढव' म्हणून सांगतात. दोन्ही ठिकाणी त्याची भाषा कशी असावी हे दुसराच कुणीतरी ठरवत असतो.

मग सुरुवात कशी व्हावी? माझ्या मते ती वाचनाने व्हावी, आणि हे वाचन मोठ्याने व्हावे. पहिले आठ-दहा दिवस भूमिकावाटप करूच नये. प्रत्येकाने स्वतः पाहिलेली एखादी घटना, एखादे भांडण, एखादी अंत्ययात्रा, बाजारातला एखादा प्रसंग आपल्या घरच्या भाषेत सांगावा. बाकीच्यांनी तो ऐकताना कथानकाकडे लक्ष न देता सांगणारा कुठे थांबतो, कोणता शब्द दोनदा घेतो, दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा आवाज कसा बदलतो हे टिपावे. मग तीच घटना त्याने प्रमाण मराठीत सांगावी. काय गळले, काय नव्याने आले, हे दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येते. एखाद्या मुलाची प्रमाणभाषेतली घटना निम्म्या वेळात संपते, कारण तपशील सांगणारे शब्दच त्याला त्या भाषेत सापडत नाहीत. तर एखाद्याला तिच्यातच आईविषयी न बोलता आलेले काही सांगता येते. हे दोन्ही अनुभव नटाच्या उपयोगाचे आहेत.

दुसरी पायरी म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' (१९५५) घ्यावे. मराठीच्या विद्यार्थ्यांच्या ते ओळखीचे असते. तिथला निवेदक मास्तर सरळ, शांत प्रमाणभाषेत सांगतो आणि मेंढपाळांची वस्ती माणदेशी बोलीत बोलते. एका पानात नटाला तीन-चार वेळा भाषा बदलावी लागते. माणदेशाकडच्या मुलाला निवेदनात अडखळायला होते, शहरी मुलीला संवादांत. मग ते एकमेकांना विचारू लागतात. दुरुस्त करणारा आणि दुरुस्त होणारा अशी कायमची विभागणी राहत नाही. मला या पद्धतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बहिणाबाई चौधरींच्या कविता शिकवतानाही वर्गात जळगावकडचा कुणी असेल तर आधी त्याला वाचायला सांगावे, अध्यापकाने नंतर वाचावे. त्या बोलीची लय डोळ्यांनी वाचून कळत नाही.

तिसरी पायरी तांत्रिक आहे आणि ती टाळता येणार नाही. श्वास, स्वर, व्यंजने, वाक्याचा शेवट यांचा रोजचा सराव हवा, आणि तो दोन्ही भाषांत हवा. आपल्या बोलीतले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे जमले की मुलाला कळते, आपल्याला कमवायची आहे ती स्पष्टता. भाषा बदलण्याची गरज भूमिकेप्रमाणे पडेल तेव्हा पडेल. आणि चौथी गोष्ट म्हणजे प्रॉम्प्टरचे काम. नवख्याला एखाद्या प्रयोगासाठी ते आवर्जून द्यावे. विंगेत बसून सगळी संहिता सगळ्यांच्या वतीने ऐकणारा तो एकटाच असतो. कोणत्या नटाचे वाक्य कशामुळे अडते, कोणता थांबा विसरल्याचा आणि कोणता अर्थाचा, हे त्याला जितके कळते तितके रंगमंचावरच्यालाही कळत नाही.

हे करायचे कुणी, हा अखेरचा प्रश्न. दिग्दर्शक करील अशी अपेक्षा मी ठेवत नाही. त्याच्यापुढे स्पर्धेची तारीख असते, आणि तो स्वतःही बहुधा असाच दुरुस्त होऊन आलेला असतो. हे काम मराठी विभागाचे आहे. आपण नाटक शिकवतो ते कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, भाषाशैली अशा मथळ्यांखाली. 'भाषाशैली' या मथळ्याखाली विद्यार्थी 'पात्रानुरूप भाषा हे या नाटकाचे वैशिष्ट्य आहे' असे वाक्य लिहितो आणि गुण मिळवतो. ते नाटक वर्गात कुणी मोठ्याने वाचलेले नसते. पात्रानुरूप म्हणजे काय हे कुणाच्या कानावर पडलेले नसते. आठवड्यातला एक तास नाटकाच्या प्रकट वाचनाला द्यायला कोणत्याही अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही. ज्या बोलींवर आपण प्रकल्प करून घेतो त्यांचे बोलणारे समोरच्या बाकांवर बसलेले असतात. त्यांना त्या तासाला बोलते करता येईल.

विद्यार्थ्यांपैकी फार थोडे पुढे नट होतील. त्यांची नावे कदाचित आपल्या कानावर येतील आणि आपल्याला अभिमान वाटेल. पण दरवर्षी पहिल्या दोन तालमींनंतर काही मुले येईनाशी होतात. 'अभ्यास आहे', 'गाडी लवकर आहे' असे सांगतात. कुणी फारसे विचारत नाही, कारण भूमिका घ्यायला दुसरे तयार असतात. त्यांपैकी किती जण खरोखर गाडीसाठी गेले आणि किती जण आपल्या बोलण्याला पुन्हा कुणी हसू नये म्हणून गेले, हे त्या त्या महाविद्यालयातल्या मराठीच्या अध्यापकाला शोधता येईल. यंदा तालमी सुरू होतील तेव्हा एवढे जरी केले, तरी सुरुवात झाली असे मी समजेन.